वेहेरगावचे 'सेलघर': कार्ल्याचे चैत्यगृह कोणी बांधले?

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, जुन्या मुंबई-पुणे महामार्गापासून थोडे आत, वेहेरगाव नावाचे एक छोटे गाव आहे. गावाच्या वरच्या डोंगरात अखंड खडक कोरून केलेले एक घर उभे आहे. जग त्याला 'कार्ला लेणी' म्हणून ओळखते. वर्षभर तिथे गर्दी असते. कोणी एकवीरा देवीच्या दर्शनाला येतो, कोणी सहलीला, कोणी पावसाळ्यात धबधबे पाहायला. पायऱ्या उतरणाऱ्या दहा जणांना 'हे घर कोणी बांधले?' असे विचारून पाहा. पांडवांनी एका रात्रीत बांधले, असे कोणी सांगेल. कोणी एखाद्या राजाचे नाव घेईल. आपल्यापैकी बरेच जण 'बौद्धांनी' एवढेच सांगून थांबतील.

शेवटचे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. बांधणाऱ्यांनी आपली नावे, गावे आणि धंदे याच घराच्या भिंतींवर आणि खांबांवर कोरून ठेवले आहेत. या लेखात त्या नावांची ओळख करून घेऊ.

'सेलघर' हा शब्द

चैत्यगृहाच्या व्हरांड्यात डाव्या टोकाला ब्राह्मी लिपीतील एक लेख आहे. भाषा प्राकृत आहे. वैजयंतीहून आलेल्या भूतपाल श्रेष्ठीने हे 'सेलघर' पूर्ण केले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असा त्याचा आशय आहे. 'सेल' म्हणजे शैल, दगड. 'सेलघर' म्हणजे दगडी घर. 'घर' हा शब्द आपण आजही तसाच वापरतो. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी. इतक्या दूरच्या एका व्यापाऱ्याला मावळातल्या या घराचा अभिमान वाटत होता आणि त्याने तो दगडावर लिहून ठेवला.

'घर' हा शब्द इथे आणखी काही लेखांत येतो. धेनुकाकट या गावच्या सामी नावाच्या सुताराने 'घराचे मुख' म्हणजे प्रवेशद्वार केल्याचा लेख आहे. त्याच धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने, दाराच्या कामाला दान दिल्याचा लेख आहे. चैत्यगृहासाठी त्या काळचा शब्दही 'चेतियघर' असाच होता. त्या लोकांच्या लेखी हे देवळासारखे देवाचे निवासस्थान नव्हते. स्तूपाभोवती एकत्र जमण्याचे ते घर होते.

'लेणे' हा शब्दही तिथलाच आहे. पाली भाषेत 'लेण' म्हणजे आसऱ्याची जागा. विनयपिटकातील चुल्लवग्गात याची पार्श्वभूमी सापडते. सुरुवातीला भिक्खू झाडाखाली, रानात, डोंगराच्या कपारीत, स्मशानात राहत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने त्यांच्यासाठी निवास बांधण्याची इच्छा व्यक्त केली. तेव्हा तथागतांनी पाच प्रकारच्या लेणांना, म्हणजे निवासांना परवानगी दिली. त्या पाच प्रकारांत 'विहार' आहे आणि 'गुहा'ही आहे. श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभारल्याची कथा तिथे येते. सह्याद्रीतील शेकडो लेण्यांच्या मुळाशी ही परवानगी आहे.

गाव आणि वाट

वेहेरगाव या नावातले 'वेहेर' म्हणजे विहार. गावकरी रोज हे नाव उच्चारतात आणि नकळत विहाराची आठवण जपतात. लेखांमध्ये या जागेचे जुने नाव 'वलुरक' असे आहे. आसपासच्या प्रदेशाला 'मामालाहार' म्हटले आहे. 'आहार' म्हणजे प्रशासकीय विभाग. 'मामाल'वरून आजचा 'मावळ' आला. तालुक्याच्या नावाचा इतका जुना लेखी पुरावा आपल्याला लेण्याच्या भिंतीवर मिळतो.

हे घर इथेच का, याचे उत्तर नकाशात आहे. कोकण किनाऱ्यावरील कल्याण, सोपारा या बंदरांतून माल बोरघाट चढून देशावर येई. पुढे तो जुन्नर, पैठण, तेर अशा नगरांकडे जाई. घाट चढून आल्यावर इंद्रायणीचे खोरे लागते. खोऱ्याच्या एका अंगाला कार्ले आहे, समोर लोहगड आणि विसापूरच्या पायथ्याला भाजे आहे, थोडे पुढे बेडसे आहे. व्यापारी तांडे, भिक्खू आणि कारागीर एकाच वाटेने चालत होते. बौद्ध विहार आणि व्यापारी मार्ग यांच्यातील हा संबंध दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी स्वतः या डोंगरांत पायी फिरून अभ्यासला आणि मांडला.

घर कसे आहे

कार्ल्याचा लेणीसमूह १६ लेण्यांचा मानला जातो. त्यातील मोठे चैत्यगृह भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे आहे. त्याची लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी सुमारे ४५ फूट आणि उंचीही जवळपास तेवढीच आहे. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ इ.स.च्या पहिल्या शतकाच्या आसपास ठेवतात. जुन्या ग्रंथांत तो थोडा मागे, इ.स.पूर्व पहिल्या शतकात, नेलेला दिसतो.

समोर डावीकडे सिंहस्तंभ आहे. त्याच्या माथ्यावर पाठीला पाठ लावून चार सिंह बसले आहेत. हा स्तंभ गोतीपुत्र अग्निमित्रणक या महारठीचे दान आहे, असा लेख त्यावरच आहे. उजव्या बाजूलाही असा जोडस्तंभ असावा, असे अभ्यासक मानतात. त्या बाजूला आज एकवीरा देवीचे मंदिर आहे.

व्हरांड्यात शिरल्यावर दोन्ही बाजूंना मोठे हत्ती दिसतात. जणू सगळे मजले त्यांनी पाठीवर तोलून धरले आहेत. दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत. वर घोड्याच्या नालेसारखी भव्य कमान आहे. तिच्यातून येणारा उजेड आत स्तूपावर पडतो.

आत ३७ खांब आहेत. दोन्ही बाजूंना १५-१५ खांब कोरीव शीर्षांचे आहेत. त्यांवर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर बसलेली माणसे दिसतात. स्तूपामागचे ७ खांब साधे अष्टकोनी आहेत. स्तूपावर लाकडी छत्र आहे. छताला लाकडी कमानी आहेत. दगड कोरून केलेल्या छताला लाकडाची गरज नव्हती, तरी त्या बसवल्या आहेत. कारण हे कारागीर मुळात लाकडी घरे बांधणारे होते आणि घराला वासे हवेतच, ही त्यांची समजूत दगडातही कायम राहिली. छत्र आणि कमानी मूळ काळातील आहेत. जवळपास दोन हजार वर्षे पावसाळी मावळात टिकलेले हे लाकूड पाहण्यासाठी तरी मान वर करून थोडा वेळ उभे राहावे.

मूळ योजनेत चैत्यगृहात बुद्धमूर्ती नाही. उपासनेचे केंद्र स्तूप आहे. दर्शनी भागावर आज ज्या बुद्धमूर्ती दिसतात, त्या काही शतकांनंतर महायान काळात कोरल्या गेल्या.

घर कोणी बांधले

आता खांबांकडे वळू. एकेका खांबावर 'थभो दानं' म्हणजे 'खांब दान' असे शब्द आहेत आणि त्यांच्या आधी देणाऱ्याचे नाव व गाव आहे. म्हणजे हे घर एका धनिकाच्या पैशातून उभे राहिलेले नाही. खांबाखांबाने, दाराने, कठड्याने, अनेकांच्या दानातून ते उभे राहिले. आज वस्तीतले विहार बांधताना कोणी सिमेंट देतो, कोणी फरशी, कोणी पंखा आणि त्यांची नावे पाटीवर लागतात. ही रीत आपल्या पूर्वजांनी कार्ल्याला दगडात कोरून ठेवली आहे.

दात्यांमध्ये कोण आहेत ते पाहा.

धेनुकाकटच्या व्यापारी संघाने एक खांब दिला. हे एका व्यक्तीचे दान नाही, धंद्यातल्या माणसांच्या संघटनेचे दान आहे.

त्याच गावच्या यवनांनी खांब दिले. सिंहध्वज (लेखात 'सिहधय') हा यवन आहे, धम्म नावाचा यवन आहे. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले परदेशी. दूरदेशीचा माणूस 'धम्म' हे नाव धारण करतो आणि मावळातल्या डोंगरात खांब देतो.

सोपाऱ्याच्या धम्मुत्तरीय परंपरेतील सातिमित या भाणकाने खांब दिला. भाणक म्हणजे सुत्ते मुखोद्गत करून म्हणणारा. ग्रंथ लिहिले जाण्याआधी बुद्धवचन ज्यांच्या कंठात टिकले, त्या परंपरेतला हा माणूस. त्याचा खांब अस्थिधातूंसह दिल्याचे लेख सांगतो.

स्त्रियाही आहेत. आषाढमिता नावाच्या भिक्खुणीचे दान आहे. कोडी नावाची भिक्खुणी आहे. तिची ओळख 'घुणिकाची आई' अशी दिली आहे आणि वेदिकेचे, म्हणजे कठड्याच्या नक्षीचे ते काम नंदिकाने केले, हेही लिहिले आहे. देणारीचे नाव आहे, तसेच हातांनी काम करणाऱ्याचेही आहे. महादेवणक या गृहस्थाची आई भायिला हिचे दान आहे. भद्रसम या भिक्खूने दर्शनी भागावरील एक स्त्री-पुरुष जोडी दान दिली आहे. 'भिक्खू अशी शिल्पे कशी देईल?' असे वाटून कोणी ही जोडपी बौद्धांची नाहीत म्हणत असेल, तर त्याला हा लेख दाखवावा.

दाते आपली ओळख गावाने देतात, धंद्याने देतात, अनेकदा आईच्या नावाने देतात. गोतीपुत्र, वासिष्ठीपुत्र, कोसिकीपुत्र ही सगळी आईवरून आलेली नावे आहेत. सुतार स्वतःला सुतार म्हणवतो आणि महारठी स्वतःला महारठी. दोघांचीही नावे एकाच वास्तूवर आहेत.

खोऱ्याच्या पलीकडे भाजे लेण्यांत, जी कार्ल्याहून जुनी आहेत, असाच एक छोटा लेख आहे. 'बाधा' नावाच्या बाईचे ते दान आहे आणि तिची ओळख 'हालिकाची जाया' एवढीच आहे. हालिक म्हणजे नांगर धरणारा. मावळातल्या एका नांगऱ्याच्या बायकोचे नाव दोन हजार वर्षे खडकावर टिकून आहे. त्या काळच्या किती राण्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

घर कोणासाठी

लेण्यांचे दान एखाद्या भिक्खूच्या नावे होत नसे, संघाच्या नावे होई. लेखांत 'चातुद्दिस संघ' असा शब्द येतो. चातुद्दिस म्हणजे चारही दिशांचा. जो भिक्खू कुठूनही येईल, त्याचा या घरावर सारखाच हक्क. हे घर कोणाच्या खासगी मालकीचे नव्हते, वारसाने मिळत नव्हते.

क्षत्रप नहपानाचा जावई, दिनिकाचा पुत्र उसभदात याचा लेख दर्शनी भागावर आहे. वलुरकच्या लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांच्या, चारही दिशांच्या संघाच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिल्याचे तो सांगतो. इथे वर्षावास करणाऱ्या सगळ्यांसाठी हे दान आहे. मावळातला पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला वर्षावासाचे तीन महिने डोक्यावर पक्के छप्पर असणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

हा लेख पूर्ण वाचायला हवा. उसभदात त्यातच ब्राह्मणांना दिलेल्या गाईंचा आणि गावांचाही उल्लेख करतो. म्हणजे त्या काळचे राज्यकर्ते अनेकांना दान देत होते. आपल्याला सोयीच्या तेवढ्या ओळी वाचायच्या आणि बाकीच्या झाकायच्या, असे आपण करू नये. आपला इतिहास मजबूत आहे. त्याला अर्धवट वाचनाची गरज नाही.

पुढे क्षत्रपांची सत्ता जाऊन सातवाहनांची आली, तरी वलुरकच्या संघाला गावाचे दान मिळत राहिल्याचे लेखांवरून दिसते. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या ७ व्या राज्यवर्षात महारठी सोमदेवाने संघाला गाव दिले. त्याच राजाच्या २४ व्या वर्षात अबुलामाच्या हरफरण नावाच्या उपासकाने नऊ खोल्यांचा मंडप दिला. त्याच्या नावावरून तो परदेशी वंशाचा असावा, असे अभ्यासक मानतात. हा मंडप महासांघिक निकायाच्या स्वाधीन केल्याचे लेख सांगतो. महासांघिक ही बौद्ध संघाची एक प्राचीन शाखा. मावळात तिचे केंद्र होते, हे आपल्याला या भिंतीवरूनच कळते.

या लेखांतली भाषा आपल्या रोजच्या बोलण्यात उतरली आहे. खोलीसाठी 'गभ' आहे, त्यावरून 'गाभा' आणि 'गाभारा' आठवतो. खोलीसाठीच 'ओवरक' हा शब्द इतर लेण्यांत येतो, तो आपल्याकडे 'ओवरी' म्हणून राहिला. मराठीचा इतिहास शिकवताना या भिंतींपासून सुरुवात करायला हरकत नाही.

घराचे नंतरचे दिवस

काही शतकांनी व्यापाराच्या वाटा बदलल्या, आश्रयदाते बदलले, संघ ओसरला. घर रिकामे झाले. पण जागा रिकामी राहिली नाही. चैत्यगृहासमोर एकवीरा देवीचे ठाणे उभे राहिले. ती कोळी, आगरी आणि इतर अनेक कुटुंबांची कुलदेवता आहे. लेखांची लिपी वाचता येणारी माणसे संपल्यावर लोकांनी आपापल्या परीने गोष्टी रचल्या. माणसाच्या हाताने इतके काम होणार नाही, म्हणून ते पांडवांचे. सह्याद्रीतल्या कितीतरी लेण्यांना 'पांडवलेणी' हे नाव असेच पडले.

लिपीचे कुलूप उघडले १८३७ साली. जेम्स प्रिन्सेप सांची येथील छोट्या लेखांचा अभ्यास करत होते. त्यांच्या लक्षात आले की बरेच लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात. हे दानलेख असतील तर तो शब्द 'दानं' असणार, असा तर्क त्यांनी केला. त्यावरून 'द' आणि 'न' सापडले आणि पुढे संपूर्ण लिपी वाचता आली. सम्राट अशोकाचे शिलालेखही त्यानंतरच जगाला वाचता आले. एका अर्थाने भारताच्या इतिहासाचे दार 'दानं' या शब्दाने उघडले.

पश्चिम भारतातील लेण्यांचा पद्धतशीर अभ्यास पुढे झाला. फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा लेण्यांवरील ग्रंथ १८८० साली आला. १८८१ साली बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेण्यांतील शिलालेखांचे वाचन प्रसिद्ध केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच विद्वान एमिल सेनार यांनी कार्ले आणि नाशिकचे लेख 'एपिग्राफिया इंडिका'त संपादित केले. आज आपण सामी सुताराचे नाव घेऊ शकतो, ते या माणसांच्या कष्टांमुळे.

पाणी, लेणी आणि बाबासाहेब

लेण्यांच्या दानलेखांत पाण्याच्या टाक्यांना 'पोढी' म्हणतात. भाज्याला कोसिकीपुत्र विण्हुदत्त या महारठीने पोढी दिल्याचा लेख आहे. महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत कानभोअ वंशाच्या विष्णुपालित या कुमाराने लेणे, चेतियघर, खोल्या आणि पाण्याच्या पोढ्या दिल्याचे कोरलेले आहे. चारही दिशांहून येणाऱ्यांसाठी खडक फोडून पाणी उपलब्ध करून देणे हे त्या काळी पुण्यकर्म होते.

त्याच महाडमध्ये २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आणि त्यांच्या अनुयायांना चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर त्यांनी तळ्याच्या पाण्याने हातपाय धुतले, म्हणून त्यांना अपमान सोसावा लागला. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. लेणी पाहायला जाणाऱ्या माणसाला पाण्याला हात लावू दिला जात नव्हता. मधल्या शतकांत या देशात काय घडले, ते या एका प्रसंगावरून कळते.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर ही लेणी आपल्यासाठी केवळ पुरातत्त्वाचा विषय राहिली नाहीत. ती आपल्या धम्मबांधवांची घरे आहेत. मात्र वारसा सांगणाऱ्याने घराची कागदपत्रे वाचलेली असावीत. इथली कागदपत्रे भिंतीवर आहेत.

आज आपण काय करावे

पहिले काम वाचनाचे. ब्राह्मी, जिला आपल्या चळवळीत अनेक जण धम्मलिपी म्हणतात, ती अवघड नाही. मुळाक्षरे वहीत उतरवून थोडा सराव केला की छोटे लेख ओळखू येतात. कार्ल्याला जाणाऱ्या गटाने आधी वस्तीत दोन-तीन रविवार बसून अक्षरे शिकावीत. मग खांबासमोर उभे राहून 'थभो दानं' शोधावे. ज्या मुलाने ती अक्षरे स्वतः वाचली, त्याला 'पांडवांनी बांधले' असे कोणी सांगून पटवू शकणार नाही.

दुसरे काम हात आवरण्याचे. फोटोत अक्षरे उठून दिसावीत म्हणून काही जण लेखावर खडू, हळद किंवा तेल चोळतात. याने अक्षरे झिजतात आणि पुढच्या वाचकाचे नुकसान होते. तिरपा उजेड टाकला की अक्षरे आपोआप दिसतात. विजेरी बाजूने धरली तरी पुरते. स्तूपाजवळ मेणबत्त्या आणि अगरबत्त्या लावल्याने काजळी चढते. वर दोन हजार वर्षांचे कोरडे लाकूड आहे, हे विसरू नये. वंदना मनापासून करावी, तिला धुराची गरज नाही. भिंतीवर 'जय भीम' लिहिणे हेसुद्धा विद्रूपीकरणच आहे. त्या भिंतीवर आपल्या लोकांनी आधीच लिहिले आहे.

तिसरे काम कायद्याचे. १९०४ च्या ब्रिटिशकालीन कायद्यानंतर १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम आज लागू आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते नियंत्रित आहे. स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. काही गैर दिसले तर तारखेसह छायाचित्रे घ्या, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि उत्तर न आल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारणा करा. समाजमाध्यमावरची संतप्त पोस्ट दोन दिवसांत विसरली जाते, पोच असलेला अर्ज फायलीत राहतो.

चौथे काम संवादाचे. समोरच्या मंदिरात येणारे कोळी, आगरी, मावळकरी भाविक आपले शत्रू नाहीत. त्यातले बहुसंख्य कष्टकरी आहेत. रांगेत उभ्या असलेल्या माणसाशी वाद घालून काही हाती लागणार नाही. उलट त्याला आत नेऊन एखादा खांब दाखवावा आणि सांगावे की हा व्यापाऱ्यांच्या संघाने दिला, तो परदेशातून आलेल्या माणसाने दिला, हे दार एका सुताराने केले. त्याचे पूर्वजही याच वाटेवर होते. कोणास ठाऊक, त्यातलाच कोणी दाता असेल. वेहेरगावच्या शाळेतील मुलांना त्यांच्या गावाच्या नावाचा अर्थ कोणी सांगितला, तर त्या गावात या घराचे राखणदार तयार होतील.

जाण्यासाठी

मुंबई-पुणे लोहमार्गावरील मळवली हे जवळचे स्थानक. तिथून एका बाजूला कार्ले आणि दुसऱ्या बाजूला भाजे, दोन्ही ठिकाणे एका दिवसात पाहता येतात. भाजे आधी पाहावे, कारण ते जुने आहे. नंतर कार्ले पाहिले की दोन-तीनशे वर्षांत कारागिरांचा हात कसा बदलला, ते लक्षात येते. कार्ल्याला सकाळी लवकर पोहोचावे. गर्दी कमी असते. सिंहस्तंभापासून सुरुवात करावी, मग व्हरांड्याच्या डाव्या टोकाला भूतपालाचा लेख, मग दारे, मग आत खांब आणि शेवटी स्तूप. आत शिरल्यावर काही वेळ कोणीच बोलू नये. एक जण हळू आवाजात त्रिशरण म्हणू लागला की हे दगडी घर तो आवाज कसा सांभाळते, ते ऐकावे. सातिमित भाणकाने आपला खांब इथेच का दिला असेल, ते तेव्हा थोडेफार कळते.

निघताना दारात थांबून सामी सुताराची आठवण करावी. घराचे मुख त्याने केले आहे.